हिरवी पट्टी, काळी पट्टी आणि आपण लिहिणारे

नागपूरच्या गोकुळपेठेतल्या दुकानात माझ्यापुढे आमच्याच गल्लीतल्या काकू उभ्या होत्या. नातवासाठी टूथपेस्ट घ्यायची होती. दुकानदाराने समोर ठेवलेली ट्यूब त्यांनी उचलली, उलटी केली आणि शेपटाकडे, जिथे ट्यूब चपटी करून चिकटवलेली असते, तिथला लहानसा चौकोन निरखून पाहिला. चौकोन काळा होता. "हे नको बाप्पा, काळ्या पट्टीवालं. केमिकल असते त्याच्यात. हिरव्या पट्टीवालं दे." दुकानदाराने मुकाट्याने दुसरी ट्यूब दिली. काकू पैसे मोजायला लागल्या.

मी दोन्ही ट्यूब हातात घेतल्या. काळ्या पट्टीच्या ट्यूबवर, घडीच्या अगदी जवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत फ्लोराइडचं प्रमाण छापलेलं होतं: १००० पीपीएम. शेजारी वापराची अंतिम तारीख. हिरव्या पट्टीच्या ट्यूबमध्ये दात किडण्यापासून वाचवणारं हे द्रव्य नव्हतंच. काकूंच्या नातवाच्या दुधाच्या दोन दाढा किडल्या आहेत, हे मला ठाऊक होतं.

तो चौकोन म्हणजे छपाईची खूण आहे. ट्यूब बनवणाऱ्या यंत्रातला सेन्सर ती खूण पाहतो आणि कुठे कापायचं, कुठे बंद करायचं हे त्यावरून ठरतं. ट्यूबच्या छपाईत जो रंग सोयीचा, तो खुणेला वापरतात. आतल्या मालाशी तिचा काडीचा संबंध नाही. काकूंना हिरव्या-काळ्याचं ते ज्ञान मोबाइलवर मिळालं होतं आणि स्वच्छ, सोप्या मराठीत मिळालं होतं. खरी माहिती मात्र इंग्रजीत, चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरांत ट्यूबवर पडून होती. मी गेली काही वर्षं मराठीत आरोग्यावर लिहिते, म्हणून हे माझ्या जिव्हारी लागलं. काकूंची यात काही चूक नाही. त्यांच्या भाषेत त्यांना जे मिळालं ते त्यांनी मानलं. त्यांना काय मिळावं, हे आपण लिहिणारे ठरवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: दाताच्या कुठल्याही वस्तूबद्दल मराठीत एक वाक्य लिहायचं असेल, तर त्यामागे पुरावा किती आहे हे आधी पाहावं आणि पुरावा जेवढा, वाक्य तेवढंच मोठं करावं. पेस्ट असो, ब्रश असो, माउथवॉश असो की आजीचं मंजन, सगळ्यांना हीच फूटपट्टी.

आता आपण लिहितो कसं ते बघा. कंपनीचं पत्रक इंग्रजीत येतं, त्याचं मराठी होतं, त्यात दोन घरगुती उपाय मिसळले जातात, वर 'तज्ज्ञ सांगतात' असं लिहिलं की लेख तयार. तज्ज्ञ कोण, ते कशावरून सांगतात, हे लेखात नसतं. 'रामबाण', 'मुळापासून नष्ट', 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' हे शब्द आपल्या बोटांना इतके सरावलेले आहेत की ते लिहिताना हात थांबतच नाही.

त्यातला 'मुळापासून नष्ट' घ्या. आपल्या भाषेत दात 'किडतो'. धान्याला लागते तशी दाताला कीड लागते असं आपण म्हणतो, आणि त्या शब्दाबरोबर मनात अळी येऊन बसते. पूर्वी आठवडी बाजारात दातातली अळी काढून दाखवणारे बसत, आणि लोक डोळ्यांनी पाहून विश्वास ठेवत. दातात अळी नसते. तोंडातले जंतू आपण खाल्लेली साखर पचवून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण थरातली, इनॅमलमधली खनिजं सुटतात. लाळ ती हळूहळू परत भरते आणि फ्लोराइड या भरण्याच्या कामाला हात देतं. दिवसातून जितक्यांदा गोड तोंडात जातं, तितक्यांदा ही झीज नव्याने सुरू होते. झीज जास्त आणि भर कमी असं चालू राहिलं की आधी पांढुरका डाग दिसतो, नंतर खड्डा पडतो. डागापर्यंत गाडी मागे फिरवता येते. एकदा खड्डा पडला की जगातली कुठलीही पेस्ट, तेल किंवा चूर्ण तो बुजवत नाही, दंतवैद्याकडेच जावं लागतं. म्हणून 'कीड मुळापासून नष्ट करते' हे वाक्य दोन ठिकाणी खोटं आहे: मारायला तिथे कीड नसते, आणि पडलेलं भोक बंद होत नाही. पण ते वाचून माणूस दवाखान्यात जायचं सहा महिने पुढे ढकलतो. तेवढ्यात भरून वाचली असती ती दाढ काढावी लागते. एका वाक्याची ही किंमत आहे आणि ती लिहिणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

'सिद्ध झालं' हा शब्द त्याहून अवघड. कुठे सिद्ध झालं? काचेच्या थाळीत वाढवलेल्या जंतूंवर कडुनिंबाचा किंवा लवंगेचा अर्क टाकला आणि जंतू मेले, याला आपण 'संशोधनाने सिद्ध' म्हणतो. थाळीतले जंतू उकळत्या पाण्यानेही मरतात. तोंडात लाळ सतत वाहत असते, जंतू दातावर चिकट थर करून बसलेले असतात आणि पेस्ट दोन मिनिटांत थुंकली जाते. थाळीत जे झालं ते तोंडात होईलच असं नाही. माणसांवर पाहिलं असेल तर किती माणसांवर, किती दिवस, आणि दुसऱ्या गटाला काय दिलं होतं, हे विचारावं लागतं. पंधरा दिवस नवी पेस्ट वापरून हिरड्या सुधारल्या म्हणून सांगणारा प्रयोग वाचला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, त्या पंधरा दिवसांत ही माणसं एरवीपेक्षा जास्त मन लावून दात घासत असतील का? आपल्यावर कुणाचं लक्ष आहे म्हटल्यावर कोण नाही घासणार? म्हणून तर साधी पेस्ट दिलेला दुसरा गट हवा आणि कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायला हवं.

आणि मोजलं काय? माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. विजेवर चालणाऱ्या ब्रशचं उदाहरण सांगते. कोक्रेन ही १९९३ पासून काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था एकेका प्रश्नावरचे सगळे चांगले प्रयोग गोळा करून तपासते. तिने २०१४ मध्ये साधा ब्रश आणि विजेचा ब्रश यांच्या तुलनेचे ५६ प्रयोग पाहिले. तीन महिन्यांहून जास्त काळ वापरल्यावर विजेच्या ब्रशने दातांवरचा थर २१ टक्के कमी आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. हे खरं आहे आणि लिहायला हवं. पण थर कमी होणं म्हणजे दात किडणं कमी होणं नव्हे, ते त्या प्रयोगांनी दाखवलेलं नाही. या फरकाचा रोजच्या आयुष्यात किती उपयोग, हे स्पष्ट नसल्याचं खुद्द ते तपासणाऱ्यांनी नोंदवलं. मराठीत येईपर्यंत त्याचं 'विजेच्या ब्रशने दात किडत नाहीत' असं होतं, आणि पगारातून ईएमआय काढून कुणीतरी महागडा ब्रश घेतं.

फ्लोराइडच्या पेस्टचा पुरावा याच्या शेजारी ठेवून बघा म्हणजे भक्कम पुरावा कसा दिसतो ते कळेल. कोक्रेननेच २००३ मध्ये ७० प्रयोगांतल्या ४२,३०० मुलांची आकडेवारी एकत्र केली. हे प्रयोग किमान वर्षभर चाललेले होते आणि त्यांत दातांवरचा थर नाही, प्रत्यक्ष किडलेले पृष्ठभाग मोजले होते. फ्लोराइडची पेस्ट वापरणाऱ्या मुलांमध्ये नवी कीड सरासरी २४ टक्के कमी होती. यालाही नीट वाचावं लागतं: शंभरातल्या चोवीस मुलांचे दात वाचले असा याचा अर्थ नाही, एरवी जेवढे पृष्ठभाग किडले असते त्यांतले साधारण चौथा हिस्सा वाचले असा आहे. आकडा जाहिरातीइतका चमकदार नाही. पण तो टिकला आहे, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

विदर्भात फ्लोराइड हा शब्द उच्चारला की वेगळीच भीती उभी राहते, आणि ती निराधार नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, म्हाताऱ्यांच्या पाठी-गुडघ्यांत ते हाडांपर्यंत पोचलेलं असतं. आपल्याच शहरातल्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत विकसित केली, ती याच दुखण्यासाठी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. त्यामुळे ज्याने गावी तसे दात पाहिले आहेत, तो 'फ्लोराइडमुक्त' लिहिलेली पेस्ट उचलतो, हे मी समजू शकते.

पण इथे लिहिणाऱ्याने हिशेब मांडून दाखवायला हवा. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावा असा सल्ला दंतवैद्य देतात. तो दाणा साधारण ग्रॅमचा दहावा भाग. पोराने सगळी गिळली तरी पोटात ०.१ मिलिग्रॅम जातं. लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं एक लिटर पाणी तेच पोर दिवसभरात प्यायलं तर ३ मिलिग्रॅम, म्हणजे तीसपट. धोका पाण्यातून आहे आणि ब्रशवर जाहिरातीत दाखवतात तसं लाटेसारखं पेस्टचं वळण काढून लहान मुलाला रोज ते गिळू देण्यातून आहे. चाळिशीच्या माणसाच्या दातांवर पेस्टमुळे असे पट्टे येत नाहीत, कारण ते दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच येतात. ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे लहान मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारून ठरवावं, हे वाक्यही त्याच लेखात हवं. 'फ्लोराइड विष आहे' आणि 'फ्लोराइड सुरक्षित आहे' ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे चालतात. मात्रा, वय आणि गाव सांगितल्याशिवाय दोन्ही अर्धवट आहेत.

प्रयोगाचे पैसे कुणी दिले, हा प्रश्न विचारायला आपण कचरतो. विचारलं तर भांडखोर दिसतो असं वाटतं. अमेरिकेत २०१५ मध्ये संशोधकांनी साखर उद्योगाची जुनी कागदपत्रं तपासून प्रसिद्ध केली. साखरेने दात किडतात हे त्या उद्योगाला १९५० च्या सुमारास ठाऊक होतं; तरी साखर कमी करण्याऐवजी जंतूंचा थर फोडणारी द्रव्यं आणि किडीवर लस यांकडे संशोधन वळावं म्हणून त्याने प्रयत्न केले, आणि १९७१ च्या राष्ट्रीय दंतकीड कार्यक्रमाच्या आखणीत त्याच्या सूचना मोठ्या प्रमाणात उतरल्या. हे वाचल्यापासून मला एक खटकतं: कुठली पेस्ट, कुठलं माउथवॉश यावरच आपण सारखं लिहीत राहतो तेव्हा मुलाच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्यावर लिहायचं राहून जातं. कंपनीने पैसे दिले म्हणून प्रयोग खोटाच असतो असं नाही. चांगल्या पेस्टवरचे कित्येक प्रयोग कंपन्यांच्याच पैशांवर झाले आहेत. पण वाचकाला ते सांगायला हवं आणि दुसऱ्या कुणालाही तोच निष्कर्ष मिळाला का, ते पाहायला हवं.

आपल्याकडेही उदाहरण आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संवेदनशील दातांसाठीच्या एका प्रसिद्ध पेस्टच्या जाहिराती थांबवायला सांगून १० लाखांचा दंड केला. 'जगभरातले दंतवैद्य शिफारस करतात' असा दावा होता, आणि आधार म्हणून दिलेली सर्वेक्षणं फक्त भारतातल्या दंतवैद्यांची होती. प्राधिकरणाने जो प्रश्न विचारला तो तेव्हा कुठल्याही मराठी लेखकाला विचारता आला असता: कुणाला विचारलंत?

आता आजीच्या बाजूने. मला कुणी म्हणेल, ही सगळी परदेशी चाचणी-बिचणी आमच्या राखुंडीला आणि बाभळीच्या काडीला हलकं ठरवायला आहे. तसं नाही. लवंगेत युजेनॉल असतं, त्याने दुखणं खरोखर थांबतं, आणि दंतवैद्य जस्ताच्या चूर्णात तेच मिसळून दातात भरतात. आजी बरोबर होती. तिने 'ठणका थांबतो' एवढंच म्हटलं होतं. 'लवंगेने दाढ बरी होते' हे आपण जोडलं, आणि ठणका थांबला म्हणून आत सडत गेलेली दाढ कुणी दाखवायला नेली नाही. कोळशाचं तसंच. राखुंडी सोडून लोक पेस्टकडे आले, आणि आता तोच कोळसा काळ्या चकचकीत ट्यूबमध्ये दुप्पट-तिप्पट दराने परत आला आहे. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये कोळशाच्या पेस्टवरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला. ती सुरक्षित आहे किंवा गुणकारी आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यात सापडला नाही. कोळसा खरखरीत असतो, डाग खरवडून काढतो, आणि इनॅमल खरवडलं गेलं तर ते पुन्हा उगवत नाही. तुम्ही लिहा की डाग निघतात. पुढचंही लिहा.

आणि पुरावा तोकडा असेल तेव्हा? तेव्हा 'पुरावा तोकडा आहे' असंच लिहायचं. २०१६ मध्ये दातांमधून दोरा फिरवण्यामागचा पुरावा कमकुवत असल्याच्या बातम्या अमेरिकेतून आल्या आणि लगेच 'फ्लॉस निरुपयोगी' अशी ओरड झाली. चांगले, लांब मुदतीचे प्रयोग कमी झाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ होता. पाहिलं नाही आणि पाहिलं पण आढळलं नाही, यांत फार फरक आहे, आणि मराठीत तो दोन साध्या क्रियापदांनी सांगता येतो. 'आढळलं', 'दिसतं', 'शक्यता आहे', 'अजून कुणी तपासलेलं नाही' हे सगळे शब्द आपल्या भाषेत रोजच्या वापरातले आहेत. वाचकाला असं लिहिलेलं कंटाळवाणं वाटतं, असं संपादक सांगतात. मला तसा अनुभव नाही. भाजीबाजारात बाई मेथीची जुडी उलटीपालटी करून घेते, तीच बाई लेखात मात्र डोळे मिटून सगळं मानते असं आपण का समजतो?

शेवटचं, पण मला सगळ्यात जास्त जाचणारं, खर्र्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीबद्दल आहे. 'खर्र्याचे डाग घालवणाऱ्या पाच पेस्ट' अशा धाटणीचं लिखाण विदर्भात वाचलं जातं, शेअर होतं. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली; खर्रा मात्र पानठेल्यावर समोर घोटून प्लास्टिकच्या पन्नीत मिळतच राहिला. सुपारी, तंबाखू, चुना. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी. आमच्या नात्यातल्या एका पोराला आधी फक्त तर्री, म्हणजे तिखट रस्सा, झोंबायला लागली. पोह्यांवर तर्री ओतून घेणारा मुलगा, 'आता सहन नाही होत' म्हणून कोरडे पोहे खायला लागला. सगळ्यांना वाटलं, पित्त असेल. तोवर तो दातांवरच्या लाल डागांसाठी पेस्टवर पेस्ट बदलत होता, कारण तेच त्याला आरशात दिसत होतं आणि तेच त्याने वाचलेल्या लेखांत होतं. दंतवैद्याने त्याला तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गालाच्या आतली त्वचा ताठ होऊन पट्टे धरले होते. तो आजार पेस्टने जात नाही, माउथवॉशने जात नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. डाग घालवणाऱ्या पेस्टवर लिहिताना त्या लेखात तीन बोटांची ही चाचणी दोन ओळींत आली असती, तर तो पोरगा वर्षभर आधी दवाखान्यात गेला असता असं मला आजही वाटतं.

म्हणून नागपुरात लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना माझी मागणी आहे. दाताच्या वस्तूवरचा लेख छापताना त्यात दावा कशावर आधारलेला आहे हे एका वाक्यात यावं: माणसांवर की थाळीत, किती जणांवर, किती काळ, कुणाच्या पैशाने. लेख कंपनीने लिहून घेतला असेल तर तसं वर ठळक छापावं. कोक्रेनचे सोप्या भाषेतले सारांश कुणालाही फुकट वाचता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे. शहरात १९६८ पासूनचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगण्याकडे आणखी महाविद्यालयं आहेत, त्यांत सार्वजनिक दंतआरोग्य शिकवणारे विभाग आहेत. तिथल्या शिक्षकांनी मराठीत लिहिणाऱ्यांचा फोन उचलावा, आणि आपण तो करावा. ट्यूबवरचं फ्लोराइडचं प्रमाण, वय आणि मात्रा मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापायला लावण्याची मागणीही आपणच लावून धरायला हवी.

त्या दिवशी दुकानात मी काकूंना पट्टीचं आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण लगेच पटलं नाही. "मग मोबाइलवर खोटं लिहिते का कोणी?" त्यांनी विचारलं. दुकानदाराने काउंटरखालून भिंग काढून दिलं. औषधांची पाकिटं वाचायला तो ते ठेवतो. काकूंनी काळ्या पट्टीच्या ट्यूबवर ते धरलं, एक हजार हा आकडा बोटाने दाबून वाचला, मग तारीख वाचली. हिरवी ट्यूब त्यांनी परत केली नाही, दोन्ही घेतल्या. पायऱ्या उतरता उतरता थांबून त्यांनी विचारलं, "तांदळाचा दाणा म्हणजे कोलमचा की बासमतीचा?" मी त्यांच्या तळहातावर नखाने दाखवलं, एवढा.